फौजीचं दळण आधी

गेल्या २६ जानेवारीला सकाळी साडेनऊ ते दहा वाजून दहा मिनिटे या वेळात दौंड तालुक्यातल्या खुटबाव गावात एक पिठाची गिरणी बंद होती. वीज होती. मोटारीचा पट्टा शाबूत होता. बारा डबे ओळीने मांडलेले होते आणि बारा माणसे आपापल्या डब्यावर नजर ठेवून उभी होती. गिरणी मालकाने स्वतःच्या हाताने बंद केली होती, कारण रांगेतल्या शेवटच्या डब्याचे दळण त्याला सगळ्यांच्या आधी दळायचे होते आणि त्या डब्याचा धनी ते दळू देत नव्हता. हा मालक म्हणजे माझे साडू.

सैनिकांचे आभार मानण्याच्या कामात माझ्या साडूंइतका चिवट माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा नाही. हे दोन्ही तालुके मी बातमीदार म्हणून तीस वर्षे फिरलो आहे, तेव्हा हे विधान खातरजमा करून करतो आहे. सत्कार करणारे पुष्कळ पाहिले. ते वर्षातून दोनदा करतात, फोटोसाठी थांबतात आणि शाल कोणी दिली हे फलकावर मोठ्या अक्षरात लिहितात. माझे साडू रोज सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात आभार मानतात, आणि त्यांचा फोटो काढायचा म्हटले तर त्यात फक्त पीठ येते. भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, चष्म्याच्या काड्या, सगळे पांढरे. त्यांचे केस खरोखर कधी पिकले हे घरातसुद्धा कोणाला नक्की सांगता येत नाही.

ते स्वतः फौजेत गेले नाहीत. जाण्याचा प्रयत्न तीनदा केला. पहिल्या भरतीत उंची कमी भरली, दुसऱ्या भरतीत तीच उंची पुन्हा तितकीच कमी भरली, आणि तिसऱ्या वेळी भरतीच्या हवालदाराने मोजपट्टी न काढता लांबूनच ओळखून हात हलवला. मधल्या काळात ते रोज सकाळी लिंबाच्या फांदीला लोंबकळत असत. चार महिन्यांनी उंची होती तेवढीच राहिली, फांदी मात्र वीतभर खाली आली, असे त्यांच्या घरात अजून सांगतात. शेवटी वडिलांनी त्यांना गिरणीवर बसवले. बसल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर फळी ठोकली आणि तिच्यावर खडूने लिहिले: फौजीचं दळण आधी. पिठाने ही अक्षरे आठ दिवसांत पुसट होतात. म्हणून दर सोमवारी, गिरणी बंद असते त्या दिवशी, ते ती नव्याने गिरवतात. गेली चाळीस वर्षे हा क्रम चुकलेला नाही.

या ओळीचा पहिला फटका त्यांच्या घराला बसला. गिरणी उघडली की पहिले दळण मालकाच्या घरचे, ही सगळीकडची रीत. ती साडूंनी मोडली. दुसरा फटका समजायला गिरणीचे कामकाज थोडे माहीत पाहिजे. दळताना आधी गहू दळतात, मग ज्वारी, मग बाजरी. कारण जात्यात आधीच्या धान्याचे पीठ थोडे राहतेच, आणि बाजरीनंतर गहू टाकला तर त्या घरच्या पोळ्या करड्या होतात. आता निवृत्त फौजी सकाळी पहिलाच बाजरी घेऊन आला तर काय करायचे? साडूंनी यावर तोड काढली. फौजीची बाजरी आधी दळायची, मग जाते साफ व्हावे म्हणून दोन किलो गहू आपल्या घरचे मध्ये टाकायचे, आणि त्यानंतर लोकांचे गहू घ्यायचे. लोकांच्या पोळ्या पांढऱ्या राहिल्या. मधले दोन किलो रोज घरी जात राहिले. माझी थोरली मेव्हणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, लग्न होऊन आली त्या वर्षापासून करड्या पोळ्या लाटते आहे. त्यांच्या घरी त्या पोळीला ‘फौजी पोळी’ म्हणतात. अक्काच्या मुलांना गव्हाची पोळी पांढरी असते हे शाळेत दुसऱ्यांचे डबे उघडल्यावर कळले.

“तुझ्या मालकांना इचार,” अक्का एकदा माझ्या बायकोला म्हणाली, “पेपरात असं काय छापून येतं का, की देशासाठी बायकोनं काय काय खाल्लं?”

मी एकदा साडूंना सरळ प्रश्न विचारला होता, की हे सगळे कशासाठी. त्यांनी चष्मा काढून टॉवेलने पुसला. टॉवेलला पीठ होते, त्यामुळे चष्मा आधीपेक्षा जास्त पांढरा झाला.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “तुमी पेपरात मंत्र्याला नावं ठेवता आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच हॉटेलात च्या पीत बसता. आमी ग्रामसभेत सरपंचाच्या तोंडावर बोलतो आन् संध्याकाळी त्याच्याच पारावर गप्पा हाणतो. हे काय आभाळातनं पडलं? कुणीतरी तिकडं उभं हाय म्हणून हितं आपली जीभ चालती. आता त्यानं वीस वर्षं बर्फात उभं ऱ्हायाचं, आन् गावाकडं आल्यावर पुन्हा गिरणीतबी उभं ऱ्हायाचं? तेवढं तरी बसू द्या की त्याला.”

यापेक्षा जास्त स्पष्टीकरण त्यांनी कधी कोणाला दिलेले नाही.

गिरणीतल्या बायकांना हे पटलेले नाही असे नाही, पण त्यांनी ते मान्यही केलेले नाही. त्यांचे नेतृत्व वरच्या आळीतल्या एका काकूंकडे आहे. काकू गेली तीस वर्षे त्या गिरणीत दर गुरुवारी येतात आणि दर गुरुवारी भांडतात. एकदा एक निवृत्त सुभेदार मिशीला पीळ देत आले आणि थेट पुढे गेले, तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून साडूंकडे वळल्या. गाव साडूंना आप्पा म्हणते.

“आप्पा, माझा मालक कुरकुंभला केमिकलमंदी तीस वर्षं शिफ्ट करतोय. नाका-डोळ्यातनं पाणी गळतं त्याच्या. त्याला कवा पुढं न्हाई काढलं?”

“काकू, फौजीचं येगळं. त्याच्या म्होरं दुश्मन असतो.”

“ह्यांच्या म्होरं सुपरवायझर असतो. इचारा कवा तरी, कोण बरं!”

सुभेदारांनी हे ऐकले आणि आपला डबा उचलून काकूंच्या डब्याच्या मागे ठेवला. साडूंनी तो परत पुढे आणला. ते दळण चालू असताना काकू एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि गिरणीतल्या बाकीच्या बायकांच्या मते ती त्यांची मोठी सवलत होती.

फौजी ओळखण्याची साडूंची स्वतःची पद्धत आहे. कागदपत्रे ते मागत नाहीत. माणूस डबा ठेवताना हँडल भिंतीशी समांतर ठेवतो का, पिशवीवर नाव घातलेले आहे का, चपलेला पॉलिश आहे का, आणि वाट बघताना तो भिंतीला टेकतो का, एवढे ते पाहतात. टेकला तर नागरिक. या पद्धतीने त्यांनी आजवर दोन तलाठी, एक बँड मास्तर आणि देवीच्या नवसाने वर्षभर कुठेही न टेकणारा एक गृहस्थ यांना रांगेत पुढे काढले आहे. चूक लक्षात आली तरी ते दळण परत मागे ठेवत नाहीत. एकदा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मोटारीचा सुटा भाग आणायला गेले असता एका कारखान्याच्या गेटवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला त्यांनी रस्त्यावर थांबून कडक सॅल्यूट ठोकला. तो बिचारा बिहारकडचा, तरुण, गणवेश दोन मापांनी मोठा.

“अरे बाबूजी, हम तो सिक्योरिटी में हैं. फौज में नहीं.”

साडूंनी हात खाली घेतला नाही. “गेट सांभाळते है ना?” त्यांनी आपल्या हिंदीत विचारले. “फिर क्या हुआ. वो बडा गेट सांभाळता है, तुम छोटा.”

हा पहारेकरी पुढे यवतजवळ राहायला आला आणि दर रविवारी सायकलवर पाच किलो गहू घेऊन गिरणीत येऊ लागला. फळीवरच्या ओळीत त्याच्यासाठी बदल करता येईना. साडूंनी दोन दिवस विचार केला आणि त्याला रांगेत दुसरा नंबर कायमचा दिला. काकूंनी त्या दिवशी “आता गुरख्याला तिसरा द्या, आन् राखणीच्या कुत्र्याला चौथा,” असे म्हटल्याची नोंद आहे.

गिरणीपासून रेल्वेचा रूळ दिसतो. पुण्याहून दौंडकडे कधीमधी लष्कराची खास गाडी जाते; उघड्या वॅगनवर ताडपत्रीखाली झाकलेले रणगाडे आणि शेवटी जवानांचे दोन-तीन डबे. ती दिसली की साडू मोटारीचा खटका खाली पाडतात, अक्काने केल्या असतील तेवढ्या भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधतात आणि मोटारसायकलवरून दौंड गाठतात. पूर्वी हा हिशेब बरोबर जुळायचा. नगरकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि त्यात गाडी बराच वेळ उभी राही. एकदा मी मागे बसून गेलो होतो. साडूंनी खिडकीतून एका उंचापुऱ्या पंजाबी जवानाला भाकरी आणि त्यावर मूठभर ठेचा दिला. जवानाने एक मोठा घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. साडूंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “बघा पाव्हणं,” ते मला म्हणाले, “घरची आठवण आली लेकराला.” परत येताना केडगावपर्यंत ते अधूनमधून डोळे पुसत होते. मी खिडकीपासून दोन फुटांवर उभा होतो. तो ठेचा होता.

पुढे दौंडच्या अलीकडे कॉर्ड लाईन झाली. म्हणजे नगरकडे जाणारी गाडी आता दौंड जंक्शनात न शिरता बाहेरूनच वळून निघून जाऊ शकते. ही बातमी मी स्वतः दिली होती आणि साडूंनी ती वाचलीही होती. तरी पुढची लष्करी गाडी दिसताच ते चाळीस भाकऱ्या घेऊन दौंडच्या फलाटावर जाऊन उभे राहिले. दोन तास गाडी आली नाही. त्या अवधीत गाडी नगरच्या पुढे गेली असावी. साडूंनी भाकऱ्या हमालांना, झाडूवाल्यांना आणि सोलापूर गाडीची वाट बघणाऱ्या एका लग्नाच्या वऱ्हाडाला वाटल्या. त्या दिवसापासून ते कॉर्ड लाईनचे नाव घेत नाहीत. घ्यावेच लागले तर “ती वळणाची लाईन” म्हणतात, आणि ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावे तिने त्यांच्या घरात काहीतरी केले आहे.

एवढ्या सगळ्या फौजींचे, अर्ध्या फौजींचे आणि फौजी नसलेल्यांचे आभार मानून झाले तरी एक माणूस शिल्लक होता, आणि तो त्यांच्याच गावात, गिरणीपासून तीनशे पावलांवर राहत होता. गाव त्यांना आबा म्हणते. आबांनी चोवीस वर्षे फौजेत काढली, नाईक म्हणून निवृत्त झाले. आज वय ऐंशीच्या पुढे. पलटणीत ते लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. त्यामुळे गावात त्यांच्याबद्दल बोलताना “आबा फौजेत व्हते, पर भाकऱ्या थापायला” असे म्हणायची पद्धत पडली होती. ती पद्धत आबांनीच पाडली असावी. सत्काराच्या यादीत नाव घालायला कोणी गेले की ते म्हणत, “मी बंदूक कमी आन् उलथनं जास्त धरलं. उलथन्याला शाल घालणार का?” आणि दार लावून घेत.

आबांचा डबा हिरव्या रंगाचा होता, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव घातलेला. आबा दर गुरुवारी तो स्वतः आणत आणि रांगेच्या शेवटी ठेवत. साडू तो पुढे नेत. आबा तो परत मागे आणत. हे चाळीस वर्षे चालले होते, आणि त्यात दोघांनीही वेळोवेळी नवे डाव काढले. साडूंनी एकदा जाहीर केले की आजपासून रांग शेवटाकडून सुरू होईल. सकाळी सात वाजता येऊन पहिला नंबर धरलेल्या काकूंनी तेव्हा काय म्हटले ते इथे देता येत नाही. आबांनी शांतपणे डबा उचलला आणि रांगेच्या बरोबर मध्यावर ठेवला. मग साडूंनी आबांच्या सुनेकडे निरोप धाडला, की डबा बुधवारीच घरून पाठवून द्या, मी गुपचूप दळून ठेवतो. सुनेचा उलटा निरोप आला: आबांनी डबा साखळीने खाटेला बांधला आहे.

का, हे आबा सांगत नसत. फार विचारले तर म्हणत, “माझी बाजरी असती. बाजरी शेवटालाच दळत्यात.” हे खरे होते, पण उन्हाळ्यात ते ज्वारी आणत, गुढीपाडव्याला गहू आणत, आणि तेव्हाही शेवटीच उभे राहत. साडूंना हे माहीत होते.

जानेवारीच्या सुरुवातीला कळले की आबा गाव सोडून चालले आहेत. गुडघे थकले होते, एका डोळ्याने दिसत नव्हते, आणि शिरूरला कारखान्यात असलेल्या मुलाने त्यांना कायमचे न्यायचे ठरवले होते. टेम्पो २६ जानेवारीला दुपारी चारला येणार होता. त्या वर्षी २६ तारखेला गुरुवार नव्हता. आबा आपला वार सोडून आले होते, कारण नव्या घरी पोहोचल्यावर लगेच पीठ लागणार होते. म्हणजे खुटबावच्या गिरणीत आबांचे हे शेवटचे दळण होते. साडूंना रात्रभर झोप लागली नाही असे अक्काने फोनवर सांगितले, आणि “तुमी या बाई, ह्यांचं काय खरं न्हाई,” असेही सांगितले. म्हणून आम्ही नवरा-बायको शिरूरहून सकाळीच निघालो. शाळेतले झेंडावंदन आटोपून लोक गिरणीवर आले होते. मी पोहोचलो तेव्हा साडू खटका पाडून दारात उभे होते. छातीवर झेंडावंदनाचा कागदी तिरंगा होता, तो एव्हाना पिठाने अर्धा पांढरा झाला होता.

“आधी आबांचं,” ते म्हणाले. “न्हाईतर आज कुणाचंच न्हाई.”

“येडा हायस का तू?” आबा पोत्यावर बसले होते. “चालू कर गुपचूप. लोकांच्या घरी तवे तापल्यात.”

“तापू द्यात. आबा, चाळीस वर्षं मागतोय. एकदा. दौंडच्या फलाटावर जाऊन परक्या गाड्यांना भाकरी दिली मी. बिहारच्या पोराला नंबर दिला. आन् माझ्या गावातला एकच लढाई बघितलेला माणूस मला नुसता डबा बी पुढं घिऊ देत न्हाई. उद्या मी फळी कुणाच्या नावानं लिहू?”

“बाजरी हाय,” आबा म्हणाले.

“मी घरचे गहू मधी टाकतो.”

“तुझी बायको दिसभर शिव्या घालती.”

“ती तशीबी घालती.”

काकूही गुरुवार सोडून आल्या होत्या आणि रांगेत पहिल्या होत्या. त्यांचा डबा गव्हाचा होता. त्या पुढे आल्या आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “आबा, जावा की पुढं. मी तीस वर्षं ह्या माणसाशी भांडले, पर आज न्हाई भांडत. येऊ द्या पोळ्या काळ्या. खाऊ एक दिस.” बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. आबांनी नाही हलवली. तशीच पंधरा-वीस मिनिटे गेली. बाहेर शाळेची मुले घोषणा देत गेली. एका बाईने घरी फोन करून भात लावायला सांगितले.

दहा वाजून पाच मिनिटांनी आबा बोलले. आवाज वाढवला नाही, त्यामुळे मागच्यांना पुढे सरकावे लागले.

“लांगरी शेवटाला जेवतो,” ते म्हणाले. “तसा हुकूम न्हाई, पर तसंच असतं. समदे जेवले का न्हाई, हे शेवटी बसणाऱ्यालाच कळतं. पुढं बसणाऱ्याला मागचं काय दिसतं? लढाईत आमची वरची चौकी व्हती. मी रोट्या मोजून करायचो. माणशी चार. एक दिवस समद्यांचं झालं, मी माझ्या चार घेतल्या आन् बघितलं तर परातीत आठ शिल्लक.”

काकूंनी हळूच म्हटले, “दोघं.”

“दोघं,” आबा म्हणाले. “बाकीच्यांना सकाळी कळलं. मला परातीत कळलं. तवापासनं मी पुढं बसत न्हाई कुठं. लग्नात न्हाई, पंगतीत न्हाई, हितं न्हाई. समद्यांचं झाल्याबगर माझं कसं हुईल? तू मला पुढं घेतलं, तर मोजणार कोण?”

साडूंनी चष्मा काढला, टॉवेलने पुसला आणि परत लावला. त्यातून त्यांना काही दिसत असेल असे वाटत नाही. मग ते वळले आणि त्यांनी खटका वर केला. दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

दळण रांगेने झाले. आधी गहू, मग ज्वारी, मग बाजरी, शेवटी आबा. एरवी ज्याचे पीठ झाले तो डबा उचलून चालू लागतो, आणि आबांच्या पाळीला गिरणीत साडूंखेरीज कोणी नसते. त्या दिवशी काकूंचे पीठ सगळ्यात आधी निघाले. त्यांनी झाकण लावले, डबा बाजूला ठेवला आणि त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. दुसरीही उभी राहिली. ज्या बाईने भात लावायला सांगितला होता तीही थांबली. हिरव्या डब्यातली शेवटची मूठ जात्यात गेली तेव्हा अकरा माणसे आपापल्या गरम डब्यांशेजारी उभी होती. एकही भिंतीला टेकलेले नव्हते. साडूंच्या कसोटीप्रमाणे ती सगळी फौजी ठरली असती.

काकूंनी बोट पुढे करून डबे मोजले. “बारा,” त्या म्हणाल्या. “आबा, समद्यांचं झालं. कोण ऱ्हायलं न्हाई.”

आबांनी स्वतः पुन्हा एकदा मोजले. एका डोळ्याने मोजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मान हलवली.

साडू मोटार बंद करून समोर आले, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. बाहीतून पिठाचा लोट उडाला. आबा काठी टेकून उठले आणि त्यांनी साडूंचे मनगट धरून हात बोटभर खाली घेतला, कोपर बाहेर ओढले.

“हां. आता बराबर. चाळीस वर्षं चुकीचा ठोकत आलास.”

“कुणी शिकवलाच न्हाई,” साडू म्हणाले.

“माझ्या डोक्यावर टोपी न्हाई, मला परत करता येत न्हाई.” आबांनी इकडेतिकडे पाहिले. तोपर्यंत गिरणीतून घरी नेताना आपला डबा त्यांनी कोणाला उचलू दिलेला नव्हता, मुलाला नाही आणि सुनेलाही नाही. “घे,” ते म्हणाले. “डबा तू आण घरापतोर. जरा दमानं चाल, मला गुडघे हायत.”

साडूंनी डबा खांद्यावर घेतला. सात किलो बाजरीचे पीठ, तीनशे पावले. आबा पुढे, साडू मागे. त्या चालीने जायला त्यांना पंचवीस मिनिटे लागली. गिरणी त्या दिवशी दुसऱ्यांदा बंद राहिली, आणि नंतर आलेल्या चार जणांनी तक्रार केली. त्यांची समजूत काकूंनी घातली.

टेम्पो चार वाजून वीस मिनिटांनी निघाला. त्यात एक लोखंडी पेटी, एक खाट, दोन गोधड्या आणि हिरवा डबा होता.

आबा आता शिरूरला माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्याजवळच्या गिरणीत मी चौकशी केली. आठवड्याला एक म्हातारे गृहस्थ हिरवा डबा घेऊन येतात, नंबर आला तरी मागच्याला पुढे सोडतात, आणि गिरणीवाल्याला त्यांचे नाव माहीत नाही. मी नाव सांगितले आणि खुटबावची हकीकतही सांगितली. त्याने फळी कुठे मिळेल असे विचारले. त्यावर आबांना विचारल्याशिवाय काही लिहू नकोस, असे मी त्याला सांगितले.

गेल्या गुरुवारी खुटबावला जाणे झाले. फळीवरची ओळ नव्याने गिरवलेली होती. एक निवृत्त हवालदार आले होते, त्यांचा डबा पहिला होता. काकू दुसऱ्या होत्या आणि बोलत होत्या. रांगेत एकूण नऊ डबे होते. नववा, बाजरीच्याही मागचा, साडूंच्या घरचा होता. त्यात गहू होते.